वाफसा येईपर्यंत

सकाळी उठतानाच दमल्यासारखं वाटतं, ही तक्रार हल्ली तिशीतली मंडळीही करतात. झोप झालेली असते. अंग दुखत नसतं, तापही नसतो. पण डोळे उघडायच्या आत डोक्यात कालचं सगळं सुरू झालेलं असतं: त्या मेलला उत्तर गेलं नाही, सोसायटीच्या मीटिंगला जायचं की टाळायचं, मुलीच्या क्लासची फी, आणि परवा साहेब जे बोलले ते नेमकं कोणाला उद्देशून होतं. रक्त तपासून घ्यावं तर रिपोर्ट नॉर्मल. मग घरचे म्हणतात, ‘जरा आराम कर.’ आपण मान डोलावतो, सोफ्यावर आडवं होतो आणि मोबाइल हातात घेतो. तासाभराने उठावं तर मान आखडलेली आणि डोकं होतं तेवढंच जड.

शरीराला आराम द्यायचं आपल्याला कळतं. पाय दुखले तर बसावं, पाठ भरून आली तर टेकावं. डोक्याला आराम द्यायचा म्हणजे काय करायचं, हे कोणी शिकवलेलं नसतं. शिवाय तो आराम आपण नेहमी उरलेल्या वेळावर ढकलतो. हे एवढं उरकलं की बसू, मार्च संपला की बसू, मुलीची दहावी झाली की बसू. उरलेला वेळ नावाची गोष्ट मी तरी अजून कोणाच्या घरी पाहिलेली नाही. ज्यांना विसावा मिळाला, त्यांनी तो आधी मागून घेतला होता, वार आणि वेळ ठरवून. आपल्या मुंबईत तर त्यासाठी अर्ज करावा लागला होता, आणि त्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्या होत्या.

ही गोष्ट १८८४ची. मुंबईच्या कापडगिरण्यांत तेव्हा कामाची वेळ घड्याळापेक्षा सूर्यावर ठरत असे. उजाडलं की सुरू, अंधारलं की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही मोठं. आठवड्याची ठरलेली सुट्टी नाही. सणावाराला गिरणी बंद राहील तेवढीच उसंत. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक. त्यांनी स्वतः गिरणीत स्टोअरकीपर म्हणून नोकरी केलेली होती, त्यामुळे आतला गोंगाट आणि कोंडलेली हवा त्यांना कोणी वर्णन करून सांगायची गरज नव्हती. कारखान्यांच्या चौकशीसाठी सरकारने आयोग नेमला होता. लोखंड्यांनी सप्टेंबरमध्ये परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा घेतल्या आणि आयोगापुढे ठेवायचा अर्ज तयार झाला.

त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर त्यांचा साधेपणा अंगावर येतो. दर रविवारी पुरती सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हातात पडावा. कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत आधार मिळावा. पाच मागण्या, आणि पगारवाढ त्यात कुठेच नाही. ज्या माणसाचं पोट हातावर आहे त्याने पैशाच्या आधी रविवार मागितला. दमणं म्हणजे काय हे त्याला आपल्यापेक्षा नीट कळलेलं असणार.

अर्जाने लगेच काही झालं नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियांनीही त्या सभेत भाषणं केली. १८९० साली, दहा हजारांपुढे! त्यानंतर १० जूनला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, तेव्हा घाटावरून पोटासाठी आलेल्या माणसाला तो साहेबाचा वार म्हणून परका वाटण्याचं कारण नव्हतं. दरवर्षी जूनमध्ये मोबाइलवर एक मजकूर फिरतो की साऱ्या देशाला रविवारची सुट्टी लोखंड्यांनी मिळवून दिली. तसं नेमकं नाही. सरकारी कचेऱ्यांना रविवार आधीपासून होता. कचेरीतल्या बाबूला जे आपसूक मिळत होतं ते मागावर उभ्या असलेल्या माणसालाही मिळावं, हे लोखंड्यांनी घडवलं, आणि माझ्या लेखी ते जास्त मोठं काम आहे.

मालकांना तेव्हा वाटलं असेल की आठवड्याचा सातवा हिस्सा माल गेला. हा हिशेब पुढे इंग्लंडमध्येच चुकीचा ठरला. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांची मागणी एवढी वाढली की तिथले कारखाने सातही दिवस चालू लागले. कामावर बायकाही मोठ्या संख्येने. १९१५ मध्ये सरकारने कामगारांच्या आरोग्यासाठी समिती नेमली, आणि तिचं पहिलंच टिपण होतं रविवारच्या कामाबद्दल. समितीने कोणी किती तास काम केलं आणि किती नग काढले याच्या नोंदी ठेवल्या होत्या. स्टॅनफर्ड विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कव्हेल यांनी जवळजवळ शंभर वर्षांनी, २०१४ मध्ये, त्याच नोंदी पुन्हा तपासल्या. आठवड्याला पन्नास तासांच्या आसपास पोचेपर्यंत तास वाढले तसा माल वाढत होता. पुढे तास वाढले तरी माल रेंगाळू लागला. ७० तास राबणाऱ्यांनी काढलेला माल ५६ तास राबणाऱ्यांच्या मालापेक्षा फारसा वेगळा नव्हता. म्हणजे वरचे चौदा तास जवळजवळ पाण्यात. आणि ज्यांना रविवार मिळत नव्हता त्यांचं कामही तासागणिक उतरत होतं.

अलीकडे आपल्याकडे एका बड्या उद्योजकाने आठवड्याला ७० तासांचा आग्रह धरला आणि दुसऱ्याने बोली ९० पर्यंत नेली, तेव्हा मला या नोंदी आठवल्या. तोफगोळे मोजता येतात, म्हणून फुकट गेलेले तास निदान दिसले तरी. रात्री साडेदहाला एक्सेल शीटवर वाकलेल्या माणसाचे चौदा तास कोण मोजणार? तो बसलेला दिसतो, एवढ्यावर सगळे खूश.

लोखंड्यांची सभा झाली त्या परळच्या आसपास आज काचेच्या इमारती आहेत. गिरण्यांच्या जागांवर मॉल आले, बँका आल्या, जाहिरात कंपन्या आल्या. गिरणगावात भोंगा होता. तो झाला की पाळी सुटली, हे साऱ्या वस्तीला कळायचं; चाळीत चहाचं आधण त्यावर चढायचं. त्या दिवसांचे गोडवे गायचं कारण नाही. खोलीत दहा माणसं झोपत असतील तर विसावा कसला, हा प्रश्न होताच. पण यंत्र गिरणीत राहायचं आणि माणूस घरी यायचा, एवढं तरी स्पष्ट होतं. आता काम खिशात बसून घरी येतं. जेवताना ताटाशेजारी पालथं पडून राहतं आणि मधूनच गुरगुरतं. भोंगा कधी होणार हे कोणी सांगत नाही, कारण तो कोणी वाजवायचा हेच ठरलेलं नाही.

बरं, त्या खिशातल्या यंत्रातच आपण आरामही शोधतो. कामाचा मेल बंद करून त्याच पडद्यावर रील्स पाहिले की सुट्टी झाली असं वाटतं. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात ४१४ विद्यार्थ्यांना शब्दांची कोडी घातली आणि मध्ये विसावा दिला. काहींनी तो मोबाइलवर काढला, काहींनी कागदावर किंवा संगणकावर, काहींना विसावाच दिला नाही. मोबाइलवाल्यांना पुढची कोडी सोडवायला विसावा मिळालेल्या बाकीच्यांपेक्षा १९ टक्के जास्त वेळ लागला आणि त्यांची २२ टक्के कमी कोडी सुटली. हा अभ्यास २०१९चा. मला त्यात नवल वाटलं नाही. लग्न, अपघात, पाककृती, निवडणूक, पुन्हा लग्न, असं सगळं अर्ध्या मिनिटाच्या हिशेबाने डोक्यात ओतत राहिलं तर डोकं बसणार कुठे?

मग हात तिकडे जातो तरी का? या प्रश्नाचं उत्तर जरा लाजिरवाणं आहे. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये काही लोकांना पंधरा मिनिटं एका रिकाम्या खोलीत एकटं बसवलं. मोबाइल नाही, पुस्तक नाही, झोपायचं नाही. फक्त आपण आणि आपले विचार. खोलीत एक बटण होतं. दाबलं तर विजेचा सौम्य झटका बसायचा. तो झटका त्यांनी आधी अनुभवलेला होता आणि पुन्हा बसू नये म्हणून पदरचे पैसे देऊ, असंही ते म्हणाले होते. तरीही १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी सहा जणींनी त्या पंधरा मिनिटांत निदान एकदा बटण दाबलं. एका गृहस्थांनी तर १९० वेळा. त्यांना नेमका कोणता विचार टाळायचा होता, देव जाणे. चहाला उकळी येईपर्यंतच्या दोन मिनिटांतही ओट्यावरचा मोबाइल उचलणारे आपण काही फार वेगळे नाही. चहा उतू जातो तो त्याच दोन मिनिटांत.

आमच्या गल्लीत एक टेलरकाका आहेत. ब्लाउज, फॉल-पिको, मुलींचे फ्रॉक अशी कामं. दुपारी दीड ते चार त्यांचं शटर निम्मं खाली असतं आणि काका आत कापायच्या टेबलावर, कापडाच्या तुकड्यांचं उसं करून, पाठ टेकलेले असतात. रेडिओ बंद, मोबाइल गल्ल्यात. पुण्याच्या दुपारच्या बंद दुकानांवर जेवढे विनोद झाले तेवढे सगळे त्यांनी ऐकलेले आहेत. एकदा चारनंतर मी खण घेऊन गेले आणि म्हटलं, लगेच कापून टाका ना, म्हणजे उद्या मिळेल. काकांनी माप वहीत लिहिलं, खणाच्या काठावर खडूने दोन खुणा केल्या, घडी करून चिठ्ठी टोचली आणि ठेवून दिलं. ‘दुपारनंतर मी कापत नाही, ताई. माप घेतो, हूक लावतो, काजं करतो. कात्री सकाळीच.’ का, म्हणून विचारलं तर म्हणाले, ‘शिवण चुकली तर उसवता येते. कापलेलं काय करणार?’

त्यांना हे कोणी शिकवलं मला माहीत नाही, पण पॅरिसमधल्या मेंदूशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये तेच मोजून दाखवलं. त्यांनी दोन गटांना सहा तासांहून जास्त वेळ कामाला बसवलं. एका गटाला डोकं शिणवणारं काम, दुसऱ्याला त्याच जातीचं सोपं. दिवसाअखेर पहिल्या गटाच्या मेंदूच्या पुढच्या भागात, जिथे माणूस स्वतःला आवरतो आणि तारतम्य ठेवतो त्या भागात, ग्लूटामेट नावाचं रसायन जास्त साठलेलं आढळलं. आणि हीच मंडळी पुढे मिळणाऱ्या मोठ्या मोबदल्यापेक्षा आत्ता मिळणाऱ्या लहान मोबदल्याकडे झुकू लागली होती. दमलेलं डोकं बंद पडत नाही. ते चालू राहतं आणि सोपं ते निवडतं. रात्री अकराला पाठवलेलं खरमरीत उत्तर, संध्याकाळी सातच्या मीटिंगमध्ये ‘बरं, करून टाका’ म्हणून दिलेला होकार, असल्या गोष्टी पुढच्या आठवड्यात कोणाला तरी निस्तराव्या लागतात. त्या आळशी माणसाकडून होत नाहीत. न थांबणाऱ्याकडून होतात. काकांना आपला कापणारा वेळ आणि हूक लावणारा वेळ वेगळा ओळखता येतो. आपल्यातले बरेच जण सकाळचे ताजे दोन तास मेलांना हूक लावण्यात घालवतात आणि कात्री हातात घेतात ती जेवणानंतर.

थांबायचं म्हणजे किती थांबायचं, हे शेतकऱ्याला विचारावं. चांगला पाऊस पडून गेला की तो लगेच रानात औत घालत नाही. ओल्या काळ्या मातीत औत घातलं तर ढेकळं निघतात, माती फासाला चिकटते, बैलांचे पाय रुततात. ट्रॅक्टर घातला तर चाकाखालची जमीन दबून घट्ट होते आणि तिथे पीक खुरटतं. म्हणून तो वाफसा येईपर्यंत थांबतो. जास्तीचं पाणी निचरावं, मातीच्या कणांमध्ये ओल राहावी आणि हवाही खेळावी. मूठभर माती घेऊन तो दाबून पाहतो. गोळा झाला आणि हलक्या धक्क्याने फुटला, की आता चालेल. बांधावर उभं राहून माती चोळणाऱ्या त्या माणसाला गावात कोणी रिकामटेकडा म्हणत नाही.

डोक्याचंही मला तसंच दिसतं. हलक्या मुरमाड रानात वाफसा लवकर येतो, काळ्या भारी रानात दिवस जातात. कामाच्या बाबतीत नेमकं हेच खरं आहे. मधल्या छोट्या विश्रांतीवर झालेल्या अनेक अभ्यासांचा एक एकत्रित आढावा २०२२ मध्ये निघाला. दहा मिनिटांच्या आतल्या विसाव्याने माणसाला तरतरी येते, थकवा कमी वाटतो, हे त्यात दिसलं. पण काम डोकं पिळून काढणारं असेल तर तेवढ्याने भागत नाही, जास्त वेळ लागतो, असंही दिसलं. ताळेबंद जुळवून उठलेल्या माणसाने पाच मिनिटं गॅलरीत उभं राहून परत बसावं आणि ताजंतवानं व्हावं, ही अपेक्षा काळ्या रानाकडून मुरमाची अपेक्षा आहे.

आणि वाफशाची दुसरी बाजूही आहे. पाऊसच पडला नाही तर वाफसा कसला? आँरी पॉइंकारे या फ्रेंच गणितज्ञाची गोष्ट विश्रांतीच्या गौरवासाठी नेहमी सांगतात. १८८०च्या सुमारास तो कां या गावी शिकवत होता आणि एका प्रकारच्या फलनांशी झुंजत होता. दोन आठवडे रोज टेबलाशी बसून हाती फार काही लागेना. एका रात्री सवय नसताना काळी कॉफी प्यायला आणि झोप उडाली, तेव्हा पहिला धागा मिळाला. पुढे भूगर्भशास्त्राच्या एका सहलीला गेला, प्रवासात गणित विसरून गेला, आणि कुतांस गावी घोड्यांच्या बसच्या पायरीवर पाय ठेवताना, आधीचा कुठलाही विचार चालू नसताना, मोठी उकल एकदम समोर आली. पडताळून पाहायलाही तो थांबला नाही. बसमध्ये चढून गप्पा पुढे चालू ठेवल्या. १९०८ मध्ये त्याने पॅरिसच्या व्याख्यानात हे सांगितलं, पण त्याचबरोबर एक अटही घातली जी सांगणारे बहुतेक वेळा गाळतात. असं सुचणं येतं ते आधी जाणूनबुजून केलेल्या कष्टानंतरच, आणि नंतर बसून ते तपासून पुरं करावं लागतं. आधी दोन आठवडे, मग बसची पायरी, मग पुन्हा टेबल. नुसतीच पायरी चढणारे रोज हजारो असतात.

शिवाय वाफसा थांबून राहत नाही. शेतकरी दोन दिवस जास्त रेंगाळला तर ओल उडून जाते, रान कडक होतं. चार दिवसांची रजा दहा दिवसांवर गेली की कामाला हात लावायची भीती वाटू लागते, हा अनुभव अनेकांचा असेल. मातीचा गोळा फुटला की औत धरायचं.

वार ठरवण्याबद्दल आणखी एक गोष्ट. गांधीजी दर सोमवारी मौन पाळत. त्या दिवशी ते रिकामे बसत नसत. पत्रं, लेख, वाचन चालूच असे. थांबायचं ते बोलणं, म्हणजे समोर येईल त्याला जागच्या जागी उत्तर देणं. सेवाग्रामला देशभरातून माणसं येत, प्रत्येकाचा काही प्रश्न, काही गाऱ्हाणं. सात दिवसांतला एक दिवस कोणाचाही प्रश्न तोंडाने सोडवायचा नाही, हा डोक्याला केवढा मोठा दिलासा असेल! २ जून १९४७ हा सोमवार होता. फाळणीच्या योजनेबद्दल व्हाइसरॉय माउंटबॅटन यांची त्या दिवशी त्यांच्याशी भेट झाली, आणि गांधीजींनी जुन्या पाकिटांच्या पाठीवर लिहून उत्तरं दिली. अशा दिवशी तरी मौन सोडायला हवं होतं, असं कोणी म्हणू शकेल. मला मात्र त्यात वाराचा धाक दिसतो. सवडीने पाळायचं मौन असतं तर पहिल्याच महत्त्वाच्या पाहुण्यासाठी ते मोडलं असतं, आणि महत्त्वाचा पाहुणा गांधीजींच्या दारात रोजच असायचा.

आपल्याला व्हाइसरॉय भेटत नाहीत, त्यामुळे आपलं काम सोपं आहे. सकाळचा पहिला अर्धा तास मोबाइल हातात घ्यायचा नाही, एवढं ठरवलं तरी दिवसाची चाल बदलते. गजरासाठी तो उशाशी लागतो, ही सबब दीड-दोनशे रुपयांच्या घड्याळाने मिटते. त्या अर्ध्या तासात ध्यानच केलं पाहिजे असं नाही. तुळशीला पाणी घाला, भाजी निवडा, खिडकीशी उभं राहा. डोक्याला कोणी प्रश्न विचारत नाहीये, एवढंच पुरे. सुरुवातीला करमणार नाही, त्या व्हर्जिनियातल्या मंडळींसारखे हात शिवशिवतील. शिवशिवू द्या.

दुसरी सोय रात्रीची. अमेरिकेतल्याच बेलर विद्यापीठात २०१८ मध्ये ५७ तरुणांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटं लिहायला सांगितलं. अर्ध्यांनी दिवसभरात काय उरकलं ते लिहिलं, अर्ध्यांनी पुढे काय करायचं आहे ते. आपल्याला वाटेल की उरकलेल्या कामांची यादी पाहून समाधानाने झोप लागत असेल. झालं उलट. उद्याची कामं लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं लवकर झोपले, आणि ज्याची यादी जास्त बारकाईने लिहिलेली तो आणखी लवकर. कागदावर उतरलेलं काम डोक्याला धरून ठेवावं लागत नाही. आमच्या आजीची पिढी वाणसामानाची चिठ्ठी रात्रीच लिहून फडताळाच्या दाराला खोचायची, तीही बहुधा याचसाठी.

ती चिठ्ठी आजीच लिहायची, आजोबा नव्हेत, हेही सांगायला हवं. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार गिरणीतून चाळीपर्यंत आला, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थबकला. रविवारी सगळे घरी, म्हणजे पोहे दोनदा, चहा चारदा, दुपारी साग्रसंगीत आणि पाहुणे आलेच तर त्यांचं. सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जातात असं दिसलं, पुरुषांची ९७. ही झाली हातांची मिनिटं. गॅस कधी संपेल, सासूबाईंच्या गोळ्या किती उरल्या, धाकट्याला उद्या कोणता गणवेश, कामवाली गुरुवारी येणार नाही, हे सतत डोक्यात फिरत राहणं कुठल्याच तक्त्यात येत नाही. नोकरी करणारीचं तर दोन्हीकडचं फिरत राहतं. भांडी घासायला नवरा उभा राहतो हल्ली, नाही असं नाही. पण साबण संपत आला आहे हे अजून तिलाच आठवायचं असतं.

तेव्हा या रविवारी घरातल्या बाईला दोन तास द्यायचे मनात असेल तर वेळ आजच ठरवा, चार ते सहा म्हणा, आणि सगळ्यांना सांगून ठेवा. तिने त्यात झोपावं, मैत्रिणीकडे जावं की गच्चीत नुसतं बसावं, हा तिचा प्रश्न. संध्याकाळच्या जेवणाचं तुम्ही पाहा. डाळ-तांदळाचे डबे कुठे असतात ते आधी बघून घ्या, कुकर लावा, आणि किती शिट्ट्या करायच्या हे विचारायला येऊ नका.